चित्रपट महोत्सवातील विशेष कार्यक्रम व कार्यशाळा : बोरीसारख्या गावातील तरुणांसाठी काही माहिती

दरवर्षी हिवाळ्यात आपल्या राज्यात आणि शेजारच्या गोव्यात चित्रपट महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रांतून उद्घाटनाची छायाचित्रे व पुरस्कारविजेत्यांची नावे प्रसिद्ध होतात. मात्र महोत्सवाच्या वेळापत्रकात चित्रपटांच्या बरोबरीने आणखी एक रकाना असतो. मुलाखती, परिसंवाद, स्मृतिव्याख्याने, कार्यशाळा, लघुपट स्पर्धा अशी त्यातील नोंद असते. या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात असलेल्या बोरीसारख्या गावातील तरुणांच्या दृष्टीने हाच रकाना सर्वांत मोलाचा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याची थोडी ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

महोत्सव कशासाठी?

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झाला. त्यानंतर तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता या शहरांतही नेण्यात आला. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा चित्रपट त्यात दाखविला गेला. सायकल चोरीला गेलेल्या एका गरीब कामगाराची ती साधी कथा होती. तो चित्रपट पाहून प्रभावित झालेल्या बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' पडद्यावर आणला. जमीन वाचविण्यासाठी शहरात जाऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ही कहाणी १९५४ साली कान महोत्सवात गौरविली गेली. दूरदेशीचा एक चित्रपट आपल्याच मातीतील दुःखाकडे पाहण्याची दृष्टी देऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. महोत्सवाचे प्रयोजन यातच सामावलेले आहे.

आज मात्र परिस्थिती बदलली आहे. जगभरचे चित्रपट मोबाईलवर पाहता येतात. तेव्हा शहरापर्यंतचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि प्रवेशशुल्क कशासाठी सोसावे, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अवाजवी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर विशेष कार्यक्रमांत मिळते. चित्रपट घरी पाहता येतो. परंतु तो कसा घडला हे घडविणाऱ्याला समोरासमोर विचारण्याची संधी घरी मिळत नाही.

विशेष कार्यक्रमांचे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे मास्टर क्लास. एखादा अनुभवी दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक किंवा पटकथालेखक आपल्या कामातील प्रसंग पडद्यावर दाखवून त्यामागील विचार उलगडून सांगतो. श्रोते शेकडो असले तरी शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो.

दुसरा प्रकार म्हणजे कार्यशाळा. येथे ऐकण्यापेक्षा करण्यावर भर असतो. कथेचा आराखडा लिहिणे, एकच प्रसंग निरनिराळ्या कोनांतून चित्रित करणे, ध्वनी व संकलनाचे प्राथमिक धडे घेणे असे तिचे स्वरूप असते. जागा मोजक्या असतात आणि बहुधा स्वतंत्र नोंदणी करावी लागते. जाहिरात पाहताच अर्ज करणे म्हणूनच हिताचे ठरते.

तिसरा प्रकार व्याख्यान व परिसंवादांचा. २००२ साली सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान होते आणि 'पिफ फोरम' या व्यासपीठावर कलावंतांशी संवाद घडतो. चौथा प्रकार सिंहावलोकनाचा. यात एकाच दिग्दर्शकाचे अनेक चित्रपट सलग दाखविले जातात आणि त्याच्या कलेचा प्रवास प्रेक्षकांपुढे उभा राहतो.

पाचवा प्रकार नव्या चित्रकर्त्यांना प्रत्यक्ष साहाय्य करणारा आहे. इफ्फीचे आयोजन २००४ पासून गोव्यात होत आहे. तेथे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये फिल्म बाजार सुरू केला. अर्धवट तयार झालेले चित्रपट तेथील प्रयोगशाळेत जाणकारांना दाखविले जातात व त्यांच्या सूचनांनुसार संकलन सुधारले जाते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' हा मराठी चित्रपट या वाटेने गेला आणि २०१४ साली बर्लिन महोत्सवाच्या बालचित्रपट विभागात त्यास क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला. इफ्फीमध्ये २०२१ साली देशभरातून ७५ तरुण कलावंतांची निवड करून त्यांना मार्गदर्शन देण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढील वर्षांत या तरुणांकडून ठरावीक तासांत लघुपट तयार करून घेण्यात येऊ लागले.

विचारून शिकण्याची परंपरा

भारतीय चित्रपटाचा आरंभच अशा विचारून शिकण्यातून झाला आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्याकडील पुराणकथाही अशाच पडद्यावर आणता येतील, या विचाराने त्यांना झपाटले. परंतु केवळ पाहून त्यांचे समाधान झाले नाही. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे कोणतीही ओळख नसताना त्यांनी 'बायोस्कोप' या नियतकालिकाच्या संपादकांची भेट घेतली. त्यांच्यामार्फत निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना चित्रीकरणाचे काम जवळून पाहता आले. काही दिवसांचे हे शिक्षण व एक कॅमेरा घेऊन ते मायदेशी परतले.

भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी घरीच एक छोटासा चित्रपट तयार केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून त्याचे रोप कसे होते, एवढाच त्याचा विषय होता. रोज थोडेथोडे चित्रण करून त्यांनी ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. आजच्या कार्यशाळेतही पहिला पाठ हाच असतो : जवळ असलेल्या साधनांनी, ओळखीच्या विषयावर, लहान काम नीट करून दाखवावे. बी आणि कोंब यांची ओळख बोरीच्या शिवारातील मुलांना कोणी करून द्यावयास नको.

मराठवाड्याच्या दारी

यासाठी मुंबई-पुण्यापर्यंत जावेच लागते असे नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे २०१४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. तो पुढे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातील पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार २०२४ मध्ये जावेद अख्तर यांना, तर २०२५ मध्ये सई परांजपे यांना देण्यात आला. मास्टर क्लास व परिसंवादांबरोबर मराठवाड्यातील लघुपटांसाठी स्पर्धा हे या महोत्सवाचे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे अंग आहे. बोरीहून जिंतूर, मंठा व जालना मार्गे रस्त्याने, किंवा परभणी स्थानकावरून रेल्वेने तेथे पोहोचता येते.

मराठवाड्याबद्दल बाहेरच्यांनी पुष्कळ चित्रण केले आहे. दुष्काळ पडला की भेगाळलेल्या जमिनीची दृश्ये साऱ्या देशाला दिसतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची वाट पाहणारे मूल, आठवडी बाजारातील हसणेखिदळणे, कापूस वेचणाऱ्या बायांच्या गप्पा हे मात्र क्वचितच दिसते. ते दाखविणारा माणूस गावातलाच असावा लागतो. आपले जीवन आपल्या शब्दांत व आपल्या नजरेतून सांगण्याचा हक्क आपण वापरला नाही, तर दुसरे कोणी ते सांगेल आणि आपल्याला त्यात आपण ओळखू येणार नाही. कार्यशाळेचा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

जाणाऱ्यांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. महोत्सवाची नोंदणी वेळेवर करावी. विद्यार्थ्यांना बहुधा शुल्कात सवलत असते. त्यासाठी महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. दिवसभरात पाच चित्रपट पाहण्याचा अट्टहास न करता दोन चित्रपट व एक विशेष कार्यक्रम अशी निवड करावी. परदेशी चित्रपटांखालील भाषांतर बहुधा इंग्रजीत असते. कथेचा सारांश आधी वाचून ठेवल्यास अडचण कमी होते. वक्त्याचे एखादे काम अगोदर पाहून एक नेमका प्रश्न वहीत लिहून न्यावा आणि तो मराठीत विचारण्याचा संकोच बाळगू नये. मुलींना पाठविताना घरच्यांच्या मनात काळजी असते. शिक्षक किंवा वडीलधारी व्यक्ती सोबत असलेला गट केल्यास ही काळजी दूर होईल आणि खर्चही वाटला जाईल.

सर्वांनाच जाता येणार नाही. म्हणून जो जाईल त्याने परतल्यावर आपली वही गावासमोर उघडावी. १९४७ साली सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, तेव्हा मोजक्या मंडळींनी चित्रपट पाहून त्यावर बोलणे एवढेच तिचे स्वरूप होते. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने हेच काम मराठी रसिकांसाठी अनेक दशके केले. शाळेचा एक वर्ग, भिंतीवर पांढरी चादर, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर आणि चित्रपटानंतर तासभर मोकळी चर्चा एवढ्यावर बोरीतही अशी सुरुवात होऊ शकेल. त्यात आजोबाही बोलतील आणि सातवीतील मुलगीही बोलेल.

शाळा, वाचनालये व तरुण मंडळांनी या दृष्टीने विचार करावा आणि पुढील हंगामात निदान दोन-चार मुलामुलींना तरी कार्यशाळेस पाठवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.