अठ्ठावीस ठोकळे आणि एक पडलेली टिकली

डॉमिनो म्हटलं की होस्टेलवर सगळ्यांना आधी पिझ्झा आठवतो. पण त्या पिझ्झाच्या डब्यावर ठिपक्यांचं जे चित्र असतं, तो एका जुन्या खेळातला ठोकळा आहे. चीनमध्ये असे ठोकळे फार पूर्वीपासून होते. युरोपात हा खेळ अठराव्या शतकात इटलीतून पसरला. मी तो यवतमाळच्या एका उन्हाळी शिबिरात मुलांना शिकवला, त्याची ही हकिकत.

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पारा ४४-४५ वर! सकाळी अकरानंतर मुलांना मैदानावर सोडता येत नाही. हॉलमध्ये कॅरम एकच. चौघं खेळणार आणि बाकीचे भिंतीला टेकून बसणार. म्हणून म्हटलं, डॉमिनो करून बघू.

संच विकत आणायची गरज नाही. लग्नसराईत घरोघरी पत्रिका पडलेल्या असतात. त्यांच्या जाड पुठ्ठ्याचे ५ सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद असे २८ तुकडे कापा. प्रत्येकावर मधोमध रेघ मारा आणि दोन्ही बाजूंना ० ते ६ पैकी एकेक अंक ठिपक्यांनी दाखवा. प्रत्येक जोडी एकदाच येते. दोन्हीकडे सारखा अंक असलेले ७ ‘डबल’ आणि बाकीचे २१. एकूण ठिपके १६८. आम्ही ठिपक्यांऐवजी टिकल्या चिकटवल्या.

नियम सोपे आहेत. ठोकळे पालथे घालून मिसळायचे. दोघं असतील तर सात-सात, तिघं-चौघं असतील तर पाच-पाच घ्यायचे. उरलेले ढिगात. सर्वांत मोठा डबल ज्याच्याकडे, तो सुरुवात करतो. पुढच्याने रांगेच्या कुठल्याही टोकाला जुळणारा अंक लावायचा. नसेल तर ढिगातून उचलायचं, आणि ढीग संपला असेल तर पास. ज्याचे ठोकळे आधी संपतील तो जिंकला. सगळेच अडकले, तर ज्याच्या हातात सर्वांत कमी ठिपके, तो.

सहावीतली एक मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, “मले गणित नाही येत, मी नाही खेळत.” ती नुसती बघत बसायची. रोज शेवटी आम्ही सगळे मिळून पूर्ण २८ ठोकळ्यांची एकच रांग लावायचो. मध्ये अडलं तर थोडं मोडून परत लावायचं. यात हरणं नाही, म्हणून ती यायची.

चौथ्या दिवशी तिने हाक मारली, “ताई, या टोकाले एक आला अन् त्या टोकाले दोन. रोज तर सारखेच येते. काहून?” मी म्हणाले, “लावताना चुकलं असेल.” तिने ऐकलं नाही. एकेक अंक मोजत बसली. एक नऊ वेळा आला, दोन सातच वेळा, बाकीचे आठ-आठ. मग सापडलं: ३-२ च्या ठोकळ्यावरची एक टिकली घामाच्या हाताने निघाली होती, आणि आमच्याकडे दोन ३-१ झाले होते!

चूक माझी होती, तिची नाही. कारण बघा. प्रत्येक अंक बाकी सहा अंकांबरोबर एकेकदा येतो आणि स्वतःच्या डबलवर दोनदा, म्हणजे ८ वेळा. रांगेच्या आत अंक जोडीजोडीने संपतात. ८ ही सम संख्या, म्हणून एका टोकाला ३ उरला तर त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकालाच असणार. ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं अशाच सम-विषमच्या विचाराने सोडवलं. आपण शिकतो तो पॅरिटी बिटसुद्धा असाच चूक पकडतो. फक्त मी ते परीक्षेपुरतं शिकले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी पहिल्या टेबलावर बसायला लागली. टिकल्या काढून आम्ही स्केचपेनने ठिपके काढले.

आता तुमच्यासाठी एक काम. संचातून ६ असलेले सातही ठोकळे काढा आणि उरलेल्या २१ ठोकळ्यांची एक रांग लावून दाखवा. मेसमध्ये पैज लावायला हरकत नाही, फक्त ‘होईल’ म्हणणाऱ्याच्या बाजूने लावू नका. का ते आधी मोजून बघा!