वज्र आणि साक्षीदार

युद्धभूमीवरील पराक्रमासाठी दिला जाणारा भारतीय प्रजासत्ताकाचा सर्वोच्च सन्मान, परमवीर चक्र, २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात आली त्याच दिवशी, स्थापन झाला. परंतु त्याचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून मानण्यात आला. मधल्या काळात भारत हे ब्रिटिश राजाला औपचारिक राष्ट्रप्रमुख मानणारे स्वायत्त अधिराज्य होते, आणि नेमक्या त्याच काळात काश्मीरचे पहिले युद्ध लढले गेले. त्याआधी सर्वोच्च सन्मान होता तो १८५६ साली सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस. भारतीय सैनिक त्यास पात्र ठरले ते १९११ पासून, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे व नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांनी तो मिळवला. परकीय राजमुकुटाच्या नावाने दिले जाणारे ते पदक प्रजासत्ताकात चालणार नव्हते हे उघड होते. त्याच्या जागी काय यावे, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता.

ही जबाबदारी स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे सैन्याच्या मनुष्यबळाचे आणि शिस्तीचे प्रशासन पाहणारे वरिष्ठ अधिकारी, मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली, आणि त्यांनी ती सोपवली एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीकडे. सावित्री खानोलकर यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन, वडील हंगेरियन वंशाचे प्राध्यापक, आई रशियन. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी युरोपात त्यांची ओळख झाली आणि १९३२ साली भारतात येऊन त्यांनी त्याच्याशी विवाह केला. छावणीतल्या संसारात राहून त्यांनी मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या, वेदान्ताचा आणि पुराणांचा अभ्यास केला. पुढे महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. अटल यांनी कोणा व्यावसायिक चित्रकाराऐवजी सावित्रीबाईंना विचारले, यात अटल यांची पारख दिसते, कारण त्यांना हवी होती ती नुसती सुबक आकृती नव्हे, तर या भूमीतील शौर्याची कल्पना धातूत उतरवू शकणारी जाण. परमवीर चक्राखेरीज महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांचे रेखाटनही सावित्रीबाईंचेच मानले जाते.

पदक पाहणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा साधेपणा. वर्तुळाकार, काशाचे, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे. मध्यभागी उंचावलेल्या गोलात ब्रीदवाक्यासह राजमुद्रा आणि तिच्या भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागील बाजूस हिंदीत आणि इंग्रजीत पुरस्काराचे नाव, आणि त्या दोन मजकुरांमध्ये दोन कमळे. पदक ज्या आडव्या दांडीला अडकवलेले असते तिची जोडणी फिरती असल्यामुळे ते फितीशी घट्ट जखडलेले राहत नाही. फीत सपाट जांभळी, तिच्यावर दुसऱ्या रंगाची एकही रेघ नाही. सोने नाही, रत्न नाही, किरणांचा झगमगाट नाही. जगातल्या कितीतरी मानचिन्हांच्या तुलनेत हे पदक जवळजवळ विरक्त वाटते.

त्या विरक्तीचा अर्थ वज्रात आहे. वृत्रासुराचा वध कोणत्याही ज्ञात शस्त्राने होणार नव्हता, तेव्हा देवांनी दधीची ऋषींकडे त्यांच्या अस्थी मागितल्या. ऋषींनी देह ठेवला आणि त्या अस्थींतून घडलेल्या वज्राने इंद्राने वृत्राला मारले, ही कथा महाभारतात आणि भागवतात येते. कथेत विजय इंद्राचा असला, तरी पदकावर इंद्र नाही. तिथे शस्त्र आहे, आणि शस्त्र म्हणजे देणाऱ्याचा देह. मारणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला मध्यभागी आणणारी ही निवड सावित्रीबाईंच्या अभ्यासाचा खरा ठसा म्हणावा लागेल. वज्राच्या दोन्ही बाजूंना शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मराठी वाचकाला ते सुखावणारे असले, तरी पदकाच्या अधिकृत वर्णनात तलवारीचा उल्लेख नाही, तेथे केवळ चार वज्रे आणि राजमुद्रा आहेत.

पहिले परमवीर चक्र ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. सावित्रीबाईंची कन्या कुमुदिनी यांचे ते दीर, हा केवळ योगायोग. पण पदकावरील प्रतीकाशी सर्वांत जवळचे नाते बहुधा कारवारजवळच्या चेंडिये गावच्या राम राघोबा राणे यांच्या कामगिरीचे आहे, आणि ती कामगिरी फारशी सांगितली जात नाही. बॉम्बे सॅपर्समधील, म्हणजे रस्ते, पूल आणि सुरुंग यांची कामे करणाऱ्या अभियंता दलातील, हे सेकंड लेफ्टनंट एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत होते. सुरुंग काढायचे, आडवे पाडलेले झाड हटवायचे, पुन्हा पुढच्या वळणावर तेच, आणि हे सारे उखळी तोफांच्या व मशीनगनच्या माऱ्याखाली. ८ एप्रिलला सुरू झालेले हे काम जखमी अवस्थेतही दिवसांमागून दिवस चालले. एका टप्प्यावर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोन दोरांच्या ओढीने आतल्या चालकाला थांबण्याची व चालण्याची खूण देत पुढे सरकले. या सगळ्यात त्यांचे शस्त्र होते ते हात आणि वेळेचे भान. पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी हयात होते ते राणे आणि लान्स नाईक करमसिंह हे दोघेच.

आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. नियमांत मृत्यूची अट कोठेही नाही. भूमीवर, समुद्रावर किंवा आकाशात, शत्रूसमोर दाखवलेले असामान्य धैर्य अथवा आत्मत्याग, एवढेच तेथे अपेक्षित आहे. पण धैर्य सिद्ध व्हायला ते पाहणारा कोणी उरावा लागतो, आणि ही या सन्मानाची सर्वांत जुनी अडचण आहे. चीनशी झालेल्या युद्धात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे या सन्मानाचे मानकरी मेजर शैतानसिंह यांच्या कंपनीतील सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक मारले गेले. वाचलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर आरंभी पुरता विश्वास बसला नाही, आणि पुढील वर्षी बर्फात शस्त्रांसह गोठलेले देह सापडले तेव्हाच त्या लढाईचे स्वरूप स्पष्ट झाले. १९९९ साली टायगर हिलवरील योगेंद्रसिंह यादव यांच्या बाबतीत उलटेच घडले: नामसाधर्म्यामुळे सन्मान मरणोत्तर म्हणून जाहीर झाला आणि मानकरी रुग्णालयात उपचार घेत असल्याचे नंतर उघड झाले.

आरमाराचा एकही मानकरी नाही आणि हवाई दलाचे एकटे निर्मलजितसिंह सेखों, हा असमतोलही बराचसा साक्षीच्या स्वरूपातून येतो, कारण जहाजावरचा पराक्रम सहसा सगळ्या जहाजाचा असतो आणि त्यातून एका माणसाचे कृत्य वेगळे काढणे कठीण जाते. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुखरी’ ही युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्यासह गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना दुसऱ्या क्रमांकाचे महावीर चक्र मिळाले. परिचारिकांचा समावेश नियमांत पहिल्यापासून आहे, पण या यादीत अद्याप एकही स्त्री नाही.

दुसरी अडचण ‘शत्रूसमोर’ या अटीची. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ, हाती फक्त लाठी असलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यामुळे तो हल्लेखोर जिवंत सापडला. येथे साक्षीची उणीव नव्हती. पण परमवीर चक्र सैन्यदलांपुरते मर्यादित आहे, आणि रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी १९५२ पासून अशोक चक्र आहे, जे नागरिकांनाही मिळते. त्यामुळे ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. नियमांच्या दृष्टीने हा निर्णय बिनचूक आहे. अशोक चक्राच्या मध्यभागी मात्र सम्राट अशोकाचे चक्र आणि भोवती कमळांची माळ आहे. दधीचीचे वज्र त्या पदकावर नाही.