सपाट कागदावरचं उताराचं शहर

अर्बन डिझाईनच्या स्टुडिओत पहिल्या आठवड्यात भिंतीवर चढणारा कागद बहुधा काळा-पांढरा असतो. इमारती काळ्या, मोकळी जागा पांढरी. ही रीत जुनी आहे. जिआम्बातिस्ता नोलीने १७४८ मध्ये रोमचा नकाशा काढला, तेव्हा रस्त्यांबरोबर चर्चच्या आतली दालनंही पांढरी सोडली. लोकांना जिथे पाऊल टाकता येतं ती सगळी जागा एका नजरेत दिसली. बंगळुरूत मात्र हा कागद अर्धीच हकीकत सांगतो, कारण इथली निम्मी भानगड उतारात आहे आणि काळ्या-पांढऱ्या कागदावर उतार उमटत नाही.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास, पाणलोटाच्या माथ्यावर वसलेल्या या शहराला बारमाही मोठी नदी नाही. पडेल तो पाऊस तीन खोऱ्यांत उतरतो: कोरमंगला-चल्लघट्टा, हेब्बाळ आणि वृषभावती. जुन्या लोकांनी उताराला बांध घालून तळी केली आणि वरचं तळं भरलं की पाणी खालच्या तळ्यात जावं म्हणून नाले काढले. त्यांना इथे राजकालुवे म्हणतात. पुढे धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचा बसस्टँड आला, संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडलगतच्या आयटी कंपन्या आणि महागड्या बंगल्यांच्या वसाहती पाण्यात गेल्या. इंजिनिअर मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला निघाली, तेव्हा सखल भाग कुठला हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. साईटचा नुसता प्लॅन काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिसलं नसतं. सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढणाऱ्याला दिसलं असतं.

या शहराच्या स्टुडिओत सेक्शन आधी आणि प्लॅन नंतर, असा माझा आग्रह आहे. त्याला आधार अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांच्या ‘डेक्कन ट्रॅव्हर्सेस’ (२००६) या पुस्तकाचा. बंगळुरूची भूमी सर्व्हेअर, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि चित्रकार यांच्या नजरेतून कशी घडत गेली, याचा तो शोध आहे. दोघांनीही अमेरिकेत लँडस्केप शिकवलं; त्यामुळे पुस्तक वाचताना आपण स्टुडिओतच बसलो आहोत असं वाटत राहतं.

अर्बन डिझाईन हा विषय म्हणून तसा अलीकडचा. १९५६ मध्ये होसे लुईस सर्ट यांनी हार्वर्डमध्ये या नावाची परिषद भरवली आणि १९६० मध्ये तिथे अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्याकडे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्याचा विभाग १९६९ पासून. शिकवण्याची पद्धत सगळीकडे सारखीच: साईट, मोजमाप, बटर पेपर, मॉडेल, जागवलेल्या रात्री आणि शेवटी जुरी.

या पद्धतीत नेमकं काय शिकलं जातं, हे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये फार बारकाईने टिपलं. पेट्रा नावाची विद्यार्थिनी शाळेची इमारत उतारावर बसवू पाहते आणि अडते. आकार जमिनीशी जुळतच नाही. क्विस्ट हे तिचे शिक्षक व्याख्यान देत नाहीत. पेन्सिल घेतात, तिच्याच ड्रॉइंगवर कागद ठेवून रेषा मारतात आणि बोलत राहतात. आधी एक शिस्त ठरवू, मग ती मोडायला मोकळे, असा त्यांचा पवित्रा. प्रत्येक रेषेला जमीन काहीतरी उत्तर देते आणि पुढची रेषा त्या उत्तरातून सुचते. दोन्ही नावं बदललेली आहेत, पण ज्याने स्टुडिओ केला आहे त्याला हे क्विस्ट भेटलेले असतात. मुद्दा असा, की उत्तर देणारी जमीन हवी. सपाट, रिकामी, कोणाचीच नसलेली साईट दिली तर विद्यार्थी स्वतःशीच बोलत बसतो.

उत्तर देणाऱ्या साईट्स बंगळुरूत भरपूर आहेत. मल्लेश्वरमच घ्या. मराठी माणसाला तिथे वेगळाच धागा सापडतो. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळुरू घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. इथल्या काडु मल्लेश्वर मंदिराला त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी एक गाव दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. त्या मंदिरावरून ज्याला नाव मिळालं ते मल्लेश्वरम, आणि तिकडे बसवनगुडी, या वसाहती १८९८ च्या प्लेगच्या सुमारास वाढल्या. दाट पेठेतून लोकांना मोकळ्या हवेत न्यायचं होतं. सरळ रस्ते, आखीव प्लॉट आणि घरांच्या पाठीमागून अरुंद गल्ल्या. मुंबईची हाऊस गल्ली ज्याने पाहिली आहे त्याला त्या लगेच ओळखू येतील. मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. म्हणजे प्लॅनवर दिसणाऱ्या त्या दोन समांतर रेषांत जात आखलेली आहे. ड्रेनेज आलं आणि गल्ल्यांचं काम संपलं. मग कुठे कचरा, कुठे कुंपण, कुठे गाड्या. अलीकडे काही गल्ल्या साफ करून पायवाटा म्हणून वापरात आणायचे प्रयत्न झाले. एवढ्याशा बोळात विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य, जात, मालकी आणि पार्किंग असं सगळं एकदम हाताळावं लागतं. सोळा आठवड्यांचा सेमिस्टर त्याला अपुरा पडतो.

रस्त्याखाली तर आणखी गर्दी. पाणी आणि सांडपाणी एका मंडळाचं, वीज दुसऱ्या कंपनीची, पावसाचा नाला पालिकेचा आणि केबलवाले वेगळेच. टेंडरशुअर या योजनेचं मोल इथे कळतं. जना अर्बन स्पेस फाउंडेशनने आखलेल्या या योजनेत सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड अशा रस्त्यांच्या पोटातल्या वाहिन्या आधी लावून घेतल्या आणि वर रुंद फुटपाथ केले. चौरस्ते अडल्याची ओरड तेव्हा झाली, पण चालणाऱ्याची सोय झाली हे तिथे चालूनच समजतं. दगडी फरशीचा चर्च स्ट्रीट २०१८ मध्ये खुला झाला आणि नोव्हेंबर २०२० पासून काही महिने तिथे शनिवार-रविवारी वाहनं बंद ठेवून पाहिली. खऱ्या रस्त्यावरचा हा स्टुडिओच होता. हवा मोजण्याचं काम इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे होतं.

त्याहून मोठा धडा के-१०० या नाल्याचा. शहराच्या मध्यातून निघून बेळ्ळंदूर तळ्याकडे जाणारा, अकरा-बारा किलोमीटरचा हा राजकालुवे. आर्किटेक्ट नरेश नरसिंहन यांच्या मॉड फाउंडेशनने पालिकेबरोबर तो सुधारायला घेतला. स्टुडिओत अशी साईट मिळाली की पहिल्याच आठवड्यात काठावर झाडं, बाक आणि सायकलवरची हसरी माणसं उगवतात. प्रत्यक्षात आधी शोधावं लागतं ते सांडपाणी कुठून शिरतं आणि ते वळवायचं कसं. बेळ्ळंदूरच्या फेसाची नि आगीची छायाचित्रं जगभर गेली, त्यामागे असंच वरून येणारं पाणी होतं.

म्हणून मला सदाशिवनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्समधला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. २०१६ पासूनच्या तिथल्या अर्बन फेलोज उपक्रमात निरनिराळ्या विषयांचे पदवीधर एकत्र शिकतात. रेषा सुबक न येणारा शेजारी बसला, की ही जमीन कोणाची हा प्रश्न लवकर निघतो.

आर्किटेक्चर कॉलेजांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. दरवर्षी नवी बॅच चिकपेटेत किंवा के. आर. मार्केटात टेप घेऊन उतरते आणि गेल्या बॅचने मोजलेलंच पुन्हा मोजते. फुलवाल्या बाईला तेच प्रश्न. शीट्स जुरीनंतर माळ्यावर जातात. तिकडे सरकारी नकाशाचीही तीच गत. २००७ मध्ये मंजूर झालेला शहराचा आराखडा २०१५ पर्यंतचा होता. २०३१ साठीचा मसुदा २०२० मध्ये मागे घेतला गेला. त्यातच २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. एखाद्या कॉलेजने एका खोऱ्याचे सेक्शन दहा वर्षं सांभाळले, दर पावसाळ्यानंतर नव्या बॅचकडून दुरुस्त करून घेतले, तर पालिकेलाच ते मागायला यावं लागेल. आणि जुरीला दोन आर्किटेक्टांच्या जोडीला पाणीपुरवठा मंडळाचा एक ज्युनिअर इंजिनिअर बोलवावा. तो रंगसंगतीकडे बघणार नाही. चेंबरचं झाकण उघडायला आमची गाडी या बाकांमधून कुठून आणायची, एवढंच विचारेल.