पाय गेला म्हणून नोकरी जात नाही!

‘भाऊ, या कागदावर सही करा म्हणतात. करू का?’

रविवारी सकाळी मामा दारात उभे राहून हे विचारत होते. काखेत कुबडी आणि हातात चार घड्या घातलेला टंकलिखित कागद. मामा म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीचे मामा. वय बावन्न, एका नगरपालिकेत सत्तावीस वर्षे सफाई कामगार. वर्षभरापूर्वी कचऱ्याची गाडी मागे घेताना त्यांचा पाय चाकाखाली आला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. हक्काची रजा संपली, अर्धपगारी संपली, बिनपगारी सुरू झाली आणि मग आस्थापना विभागाकडून हा कागद आला. ‘शारीरिक असमर्थतेमुळे मी माझ्या मर्जीने सेवानिवृत्ती घेत असून माझी कोणतीही तक्रार नाही.’

‘माझ्या मर्जीने’ हे शब्द मी दोनदा वाचले. मर्जी ज्याची होती त्याचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते.

मी स्वतः कारकून आहे. असे मसुदे कसे तयार होतात हे मला ठाऊक आहे. जुन्या फाईलमधून एक प्रत काढायची, नाव बदलायचे, सही घ्यायची, की प्रकरण निकाली! लिहिणारा बाबू दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा त्यानेही कायदा वाचलेला नसतो. पण त्याने न वाचलेल्या कायद्याची किंमत मामांनी का म्हणून मोजावी?

कायदा काय म्हणतो?

संसदेने १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष कायदा केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या ४७ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, नोकरीत असताना कर्मचाऱ्याला अपंगत्व आले तर त्याला कामावरून काढता येणार नाही व त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. तो कायदा जाऊन त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. नव्या कायद्यात हेच संरक्षण कलम २० (४) मध्ये आहे. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. दुसरी जागा रिकामी नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला सेवेत ठेवावे. ‘आमच्याकडे बसून करण्यासारखे काम नाही’ हे उत्तर सरकारी आस्थापनेला देता येत नाही.

हे केवळ कागदावर नाही. स्पेशल सर्व्हिस ब्यूरोमधील कुणाल सिंग या शिपायाला कर्तव्यावर असताना इजा झाली, पाय कापावा लागला आणि त्याला असमर्थता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवण्यात आले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. २००३ साली न्यायालयाने निकाल दिला की, ४७ वे कलम पाळणे बंधनकारक आहे आणि निवृत्तिवेतन दिले म्हणून नोकरीवरचा हक्क संपत नाही. मामांचे प्रकरण यापेक्षा काय वेगळे होते?

मी मामांना म्हटले, सही करू नका. मामांनी कागदाची पुन्हा घडी घातली, पण ते उठेनात. मग हळूच म्हणाले, ‘पोरगा म्हणतो, करून टाका.’

खरी गाठ इथे होती. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या वारसाला नोकरी मिळते. मामांचा मुलगा बारावी पास, भाड्याची रिक्षा चालवतो. एवीतेवी बापाचा पाय गेलाच आहे, आता त्यांनी घरी बसावे आणि आपण कायम व्हावे, हा त्याचा हिशेब. त्याला स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या घरात कायम नोकरी एकच आणि खाणारी तोंडे सहा, तिथे असे हिशेब होणारच. पण त्या हिशेबात मामा कुठे होते? आठ वर्षांची नोकरी, वाढत जाणारे मूळ वेतन, त्यावर ठरणारे निवृत्तिवेतन हे सगळे सोडाच, पण सकाळी उठून डबा घेऊन कामावर जाणारा माणूस आणि खाटेवर बसून सुनेच्या हातच्या चहाची वाट पाहणारा माणूस यांना घरात मिळणारी वागणूक सारखी नसते. हे आपण सर्वजण जाणतो, बोलत मात्र नाही.

नोकरीत शिरतानाची वाट

मामा निदान नोकरीत होते. आमच्या वस्तीतील पोलिओग्रस्त, कर्णबधिर, अंध मुलामुलींना तर दारातूनच परत फिरावे लागते. आणि तेही राखीव जागा असताना!

१९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव होत्या : अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी एक टक्का. २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता असणाऱ्यांना दिला. अपंगत्वाचे प्रकार पूर्वी सात होते, ते एकवीस झाले. लाभासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते.

आता यातली गंमत पाहा. बरीच वर्षे अनेक कार्यालये टक्केवारी काढायची ती फक्त ‘सुनिश्चित’ पदांवर, म्हणजे अपंगांना जमतील असे सरकारने ठरवलेल्या पदांवर. समजा, एखाद्या संवर्गात हजार जागा रिक्त आहेत आणि त्यातल्या दोनशेच सुनिश्चित आहेत. तर तीन टक्के किती? दोनशेवर काढले तर सहा आणि हजारावर काढले तर तीस! एका गुणाकारात चोवीस घरांच्या चुली विझल्या. अखेर राष्ट्रीय अंध महासंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगितले की, हिशेब संवर्गातील एकूण रिक्त जागांवरच करायचा. २०१६ च्या कायद्यात तर तसे शब्दच घातले आहेत. उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा लगेच दुसऱ्याला देता येत नाही. ती पुढच्या भरती वर्षात ओढायची, तेव्हाही त्या प्रकारचा उमेदवार नसेल तर अपंगत्वाच्या दुसऱ्या प्रकारातून भरायची. त्यातही कोणी मिळाले नाही, तरच ती इतरांना मोकळी होते. केंद्राच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे शंभर बिंदूंच्या नामावलीत १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू अपंगांचे आहेत. आमच्यापैकी जे कार्यालयांत आहेत त्यांनी आपल्या कार्यालयाची नामावली एकदा डोळ्यांखालून घालावी. माहितीच्या अधिकारात ती मागताही येते.

दुसरा एक गैरसमज मला वस्तीतल्या बैठकीत नेहमी ऐकू येतो. ‘आपल्या मुलाने अपंगाचा फॉर्म भरला तर अनुसूचित जातीची सवलत जाते.’ साफ चूक! अपंगांचे आरक्षण समांतर आहे, म्हणजे ते आडवे जाते. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात हे नीट समजावलेले आहे. राखीव जागेवर निवडलेला अपंग उमेदवार अनुसूचित जातीचा असेल तर त्याची गणना अनुसूचित जातीत होते, खुला असेल तर खुल्यात. आपल्या मुलाने दोन्ही प्रमाणपत्रे जोडायची आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, तेव्हा केंद्राच्या नोकरीचा फॉर्म भरतानाही हे विसरू नये. मी स्वतः एका मुलीचा फॉर्म पाहिला. डाव्या हाताने अधू, बी.ए. झालेली, वय एकोणचाळीस. वय उलटले म्हणून ती फॉर्मच भरत नव्हती. राज्याच्या सेवेत अपंग उमेदवाराला वयाची सवलत ४५ वर्षांपर्यंत आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

खाजगी कारखान्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिथे सक्ती नाही, प्रोत्साहन आहे. कामगारांत निदान पाच टक्के अपंग असावेत यासाठी मालकांना सवलती द्याव्यात, एवढेच कायदा सांगतो. अपंग कामगारापोटी मालकाने भरायची भविष्यनिर्वाह निधीची व राज्य विम्याची वर्गणी पहिली तीन वर्षे सरकार भरेल, अशी योजना केंद्राने २००८ साली काढली. मी ज्या दोन-चार छोट्या मालकांशी बोललो त्यांना ती ऐकूनही माहीत नव्हती.

पोटाला किती?

ज्यांना काम करणे शक्यच नाही किंवा काम मिळतच नाही, त्यांचे काय? बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता यांत लोकसाहाय्य मिळण्याची तरतूद आहे. पण ती ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. या तीन शब्दांच्या आड आजवरची सगळी सरकारे सुखाने बसली आहेत.

केंद्राचे इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन २००९ साली सुरू झाले. त्यासाठी घर दारिद्र्यरेषेखाली हवे आणि अपंगत्व ८० टक्के. त्यात २०१२ पासून केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये राहिला. म्हणजे दिवसाला दहा रुपये. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम जुलै २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. अपंगांना, विधवांना, सर्वांना सरसकट तेवढीच.

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की, इतरांना ज्या योजनेत जेवढी मदत मिळते त्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त मिळाली पाहिजे. पंधराशेवर पंचवीस टक्के म्हणजे ३७५. देणे होते १,८७५, दिले १,५००. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंगांचे अनुदान २,५०० करण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण त्याआधीच्या सव्वीस महिन्यांचे ३७५ प्रमाणे ९,७५० रुपये प्रत्येक अपंग लाभार्थ्याचे राहिले. ते कोणी मागितले नाहीत आणि कोणी दिले नाहीत. वाढही आपोआप झाली नाही. त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली.

रक्कम वाढली तरी दार अरुंदच. आमच्या मागच्या चाळीत सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. आई चार घरची धुणीभांडी करते, भाऊ रात्रीचा वॉचमन, पगार साडेनऊ हजार. आम्ही तिचा अर्ज तहसील कार्यालयात दिला तेव्हा अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये होती. भावाचा एकट्याचा पगारच एक लाख चौदा हजार भरला. अर्ज नामंजूर! पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यात तीच मुलगी पात्र ठरली. बहीण म्हणून पात्र, अपंग म्हणून अपात्र. उत्पन्न भावाचे मोजले, पण तिला उचलून न्हाणीत नेण्यासाठी आई कामावर जाऊ शकत नाही त्या दिवसांची बुडालेली मजुरी कोण मोजणार?

आणि जो थोडेफार कमावू शकतो त्याची आणखी कोंडी. शिवणकाम करून महिन्याला चार-पाच हजार मिळवले की उत्पन्नाचा दाखला वाढतो आणि अनुदान धोक्यात येते. म्हणून हातात कला असलेले तरुण काम लपवून करतात किंवा करतच नाहीत. माझ्या मते अनुदान एकदम तोडण्याऐवजी कमाई वाढेल तसे ते हळूहळू कमी करावे आणि उत्पन्न मोजायचेच तर त्या व्यक्तीचे मोजावे, घराचे नव्हे.

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि भराभर पाट्या बदलल्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. चांगलेच झाले. पण आमच्या तालुक्याला निराधार योजनेची खिडकी अजून तीन पायऱ्या चढून आहे.

ग्रामपंचायत असो की महापालिका, स्थानिक संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे, हेही फार थोड्यांना माहीत असते. वार्डातल्या नगरसेवकाला किंवा ग्रामसभेत सरपंचाला हा एक प्रश्न विचारून पाहावा. नोकरीत असलेल्या अपंग बांधवांनी व्यवसाय कर कापला जातो का तेही पाहावे, कारण ४० टक्क्यांवरील कायम अपंगत्वाला तो माफ आहे. आणि सगळ्याआधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र व युडीआयडी ओळखपत्र. ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे हाताने लिहिलेले प्रमाणपत्र ट्रंकेत पडून आहे, त्यांनी ते आताच बदलून घ्यावे, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहू नये. २०२४ मध्ये बनावट प्रमाणपत्रांचा गाजावाजा झाल्यापासून तपासणी कडक झाली आहे. लबाडांनी खाल्ले आणि खऱ्यांना पुन्हा रांगेत उभे केले. पण रांगेत उभे राहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मामांनी अखेर सही केली नाही. आम्ही दोघांनी बसून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिला, त्यात कलम २० (४) घातले आणि एक प्रत पुण्याला दिव्यांग व्यक्तींच्या राज्य आयुक्तांकडे पाठवली. चार महिने गेले. दोनदा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ झाले, एकदा फाईल सापडेना. पाचव्या महिन्यात आदेश निघाला : हजेरी चौकीवर बदली, वेतनश्रेणी तीच. सकाळी साडेपाचला मुलगा रिक्षातून त्यांना चौकीवर सोडतो. बापाशी बोलतो, माझ्याशी अजून धड बोलत नाही.

चौकीत मस्टर आहे, टेबल आहे, खुर्ची नाही. मामा उपड्या घातलेल्या पिंपावर बसून हजेरी घेतात, आणि बनावटीचा पाय दुपारपर्यंत ठणकायला लागतो. कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देणे हे कलम २० (२) प्रमाणे आस्थापनेचेच काम आहे. तसा अर्ज गेल्या सोमवारी दिला. आवक क्रमांक मिळाला आहे.