डांबराच्या झाकणाखाली

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

रस्त्यावरचं डांबर उखडलं की आपण महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो, वर्तमानपत्रात खड्ड्याचा फोटो येतो, गणपतीच्या आधी त्यात खडी पडते आणि विषय संपतो. पण जगात काही जागा अशा आहेत, जिथं डांबराला बारीकशी भेग पडली तरी तिची नोंद होते, ती नकाशावर दाखवली जाते आणि मग ती बुजवावी लागते. कारण तिथलं डांबर नुसतं गाड्या चालाव्यात म्हणून घातलेलं नसतं. ते झाकण असतं. खाली विष असतं.

अशीच एक जागा अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ‘डाली’ नावाचं मालवाहू जहाज आदळून तिथला मोठा पूल कोसळला, ते आपल्याला आठवत असेल. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. त्याच बंदरात डंडॉक मरीन टर्मिनल नावाचा ५५० एकरांहून मोठा धक्का आहे. जहाजातून उतरलेल्या मोटारी आणि ट्रॅक्टर तिथं रांगेनं उभे असतात. त्यांतल्या सुमारे १५० एकरांवर डांबराच्या खाली भराव आहे तो क्रोमियमच्या कारखान्यातल्या टाकाऊ मालाचा.

हा माल आला कुठून? बाल्टिमोरच्या आसपास क्रोमियमचं खनिज सापडलं आणि आयझॅक टायसन नावाच्या उद्योजकानं १८४५ मध्ये शहरात कारखाना काढला. हाताबदल होत तो १९८५ पर्यंत चालला. पिवळे रंग, कातडं कमावणं, धातूंना मुलामा देणं, अशा अनेक धंद्यांना लागणारी क्रोमियमची रसायनं तिथं तयार होत. खनिज दळायचं, सोडा आणि चुना घालून भट्टीत भाजायचं, मग पाण्यानं धुऊन क्रोमियम काढून घ्यायचं, अशी ही पद्धत. सगळं क्रोमियम काही निघत नाही. मागं राहतो तो काळपट तपकिरी, खडीसारखा दिसणारा गाळसाळ. दिसायला भरावाचा उत्तम माल, शिवाय जवळजवळ फुकट. बंदर वाढवायला भराव हवाच होता. तो तिथं गेला. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

क्रोमियम दोन रूपांत भेटतं, एवढं रसायनशास्त्र इथं पुरे. त्याचं त्रिसंयुजी रूप बऱ्यापैकी गरीब असतं. षट्संयुजी रूप मात्र पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं आणि श्वासातून धूळ गेली तर फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकणारं. या भरावात ते दुसरं रूप उरलेलं असतं. पाणी लागलं की ते विरघळतं, भेगेतून वर येतं आणि पाणी वाळलं की कडेला पिवळी पुटं धरतात.

मग एवढं सगळं खणून का काढत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. पण १५० एकरांवरचा भराव उकरायचा म्हणजे वर्षानुवर्षं उघडी जमीन, उडणारी धूळ, हजारो ट्रक आणि शेवटी तो ढीग दुसऱ्या कुणाच्या तरी गावाशेजारी. म्हणून बऱ्याच ठिकाणी झाकून ठेवण्याचा मार्ग पत्करतात. तो स्वस्त पडतो हेही कारण आहेच, आणि कंपन्यांना तो आवडतो तो मुख्यतः त्यासाठी, असं माझं मत आहे. डंडॉकच्या बाबतीत बंदराची सरकारी यंत्रणा आणि कारखान्याची वारसदार हनीवेल कंपनी यांनी २००६ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याशी न्यायालयीन करार केला. हे काम काय प्रतीचं असावं, ते त्यातून बांधलं गेलं.

झाकणाची कामं तीन. हात-पाय मातीला लागू न देणं, धूळ उडू न देणं आणि पावसाचं पाणी मुरू न देणं. पहिली दोन साधं डांबरही करतं. तिसरं अवघड. बाल्टिमोरला वर्षाकाठी एक मीटरच्या थोडा वर पाऊस पडतो. १ हेक्टरवर एक मीटर पाऊस म्हणजे १ कोटी लिटर पाणी. १५० एकर म्हणजे सुमारे ६० हेक्टर, म्हणजे ६० कोटी लिटर. यातला शंभरावा हिस्सा मुरला तरी दर वर्षी ६० लाख लिटर पाणी खाली विष धूत बसणार.

आणि डांबर मुळात पूर्ण जलाभेद्य नसतं. रोलर नीट फिरला नाही आणि थरातली हवेची पोकळी साधारण आठ टक्क्यांच्या वर राहिली, तर भेग नसतानाही पाणी झिरपतं. म्हणून झाकणासाठी डांबर घालताना दाबणीची चाचणी कडक घ्यावी लागते. उताराचंही तसंच. पाणी साचलं की कुठून तरी वाट काढणारच, हे गच्चीची गळती सोसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एकदा डांबर घातलं की काम झालं, असं मात्र नाही. हे काम शेणानं सारवलेल्या जमिनीसारखं आहे. पूर्वी घरातली जमीन बायका पुन्हा पुन्हा सारवत. चार सारवणं चुकली की पोपडे निघाले. डांबर जरा जास्त टिकतं, इतकंच. ऊन आणि हवा लागून ते कडक होतं, ठिसूळ होतं. थंडीत भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि भेग रुंदावतं. यंत्रांतून गळणारं डिझेल आणि तेल डांबराला विरघळवतं. उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात ट्रेलरचे लोखंडी पाय रुततात. भेगेत बी पडून रोपटं उगवतं आणि त्याचं मूळ सरळ खाली जातं.

डंडॉकचं एक दुखणं आणखी निराळं आहे. तिथला भरावच फुगतो. भाजलेल्या चुन्याच्या कळीवर पाणी ओतलं की ती कशी फुलते! भट्टीतून निघालेल्या या मालातही चुन्याची आणि लोखंडाची कोरडी संयुगं असतात. ती पाणी पिऊन नवी, जास्त जागा व्यापणारी खनिजं बनतात, पण अतिशय सावकाश. ही क्रिया दशकानुदशकं चालते. त्या जोरानं वरचं डांबर उचललं जातं, उंचवटे येतात आणि माथ्यावर तडकतात. जमिनीत उपकरणं बसवून या फुगण्याचा अभ्यास झाला. फुगायला बाजूला जागा मिळावी म्हणून चर खोदूनही पाहिले गेले. म्हणजे झाकणाला वरून गाड्या दाबतात आणि खालून भराव ढकलतो.

पाहणी करायची वेळ पाऊस उघडल्यावरची. सगळं डांबर वाळतं, पण भेगेची रेघ ओलीच राहते. कोरड्या दिवशी नजरेला न दिसणारी भेग तेव्हा स्वतःहून दिसते. पिवळा किंवा हिरवट डाग दिसला तर समजायचं की पाणी नुसतं आत गेलेलं नाही, बाहेरही आलेलं आहे. भेग बुजवताना आधी ती साफ करतात. रस्त्याच्या कामात हवेचा झोत मारतात. इथं तसं केलं तर विषारी धूळच उडायची, म्हणून ती यंत्रानं ओढून घ्यावी. मग रबर मिसळलेलं गरम डांबर ओततात. साधं डांबर थंडीत आखडून सुटतं, हे ताणलं जातं. आणि भेगा जाळ्यासारख्या पसरल्या असतील तर खाली पाया बसला किंवा फुगला आहे, वरून मलम लावून उपयोग नाही.

सर्वांत चकवणारी वाट मात्र डांबरात नसतेच. पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी गटारं भरावातूनच गेलेली असतात. त्यांचे सांधे उघडले की भरावातलं पिवळं पाणी पाइपात शिरतं आणि सरळ नदीत जातं. वर डांबर आरशासारखं असलं तरी! डंडॉकच्या अशा पाइपांना आतून अस्तर घालावं लागलं.

धोका केवळ निसर्गाकडून येत नाही. केबल टाकायला आलेला ठेकेदार एका दुपारीत दहा वर्षांची देखभाल फोडू शकतो. म्हणून अशा जमिनीच्या कागदपत्रांवर कायमचं बंधन नोंदवतात. आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो, तसंच समजा. परवानगीशिवाय खणायचं नाही, खणलेली माती धोकादायक कचरा म्हणून हलवायची, चर बुजवताना झाकण थराथरानं पूर्ववत करायचं. काही ठिकाणी झाकणाखाली भडक नारिंगी जाळी अंथरतात. कागद न वाचलेल्या माणसाच्या फावड्याला ती लागते आणि तो थांबतो.

मूळ कारखान्याच्या जागेवर तर झाकणावर शहर उभं राहिलं. तिथं भूमिगत भिंत आणि अनेक थरांचं झाकण १९९९ मध्ये पुरं झालं, आणि आतलं भूजल सतत उपसलं जातं, म्हणजे पाण्याचा ओढा बाहेर न राहता आत राहतो. पुढं त्याच झाकणातून पाइल ठोकून एक्सेलॉन कंपनीची उंच इमारत बांधली गेली. ती २०१६ मध्ये खुली झाली. बांधकामाआधी धुळीच्या मोजणीवरून बराच वाद झाला आणि मोजणी वाढवावी लागली. ती आग्रहानं मागणारे रहिवासी मला किरकिरे वाटत नाहीत.

आपल्याकडे याच जातीचा कचरा तामिळनाडूत राणीपेठला आहे. क्रोमियमची रसायनं बनवणारा तिथला कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि दीड लाख टनांहून अधिक कचऱ्याचा ढीग मागं राहिला. पावसानंतर तिथून पिवळं पाणी वाहताना लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. दूषित जागा शोधणं, तपासणं आणि खर्च जबाबदारांकडून वसूल करणं यासाठी केंद्र सरकारनं २०२५ मध्ये नियम काढले. आता अशा जागांचे आराखडे होतील, निविदा निघतील. आराखडा हाती आला की थरांची जाडी आधी पाहू नये. विसाव्या वर्षी पाऊस उघडल्यावर भेगा पाहायला कोण जाणार आणि त्याचा पगार कुठल्या ठेवीतून निघणार, ते त्यात कोणत्या पानावर लिहिलं आहे, हे पाहावं.