कुसळ, ओरखडा आणि अठरा तास

म्हणीतलं कुसळ नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यात असतं. सुगीत ते ज्याच्या त्याच्या डोळ्यात जातं. ज्वारी मळताना, भात झोडताना कण उडतो. ऊस तोडताना पातीची कड बुबुळाला घासते. डोळ्यावर पाणी मारायचं, कुणीतरी पदराच्या टोकानं कण काढायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. ओरखडा असतो केसाएवढा. पण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर फाटला, की एरवी पापण्यांच्या कडेला निमूट राहणाऱ्या जिवाणूंना आत वाट मिळते. मग पांढरा ठिपका दिसतो, जखम वाढते. ती भरली तरी डोळ्यात फूल राहतं.

हा ओरखडा चिघळण्याआधीच अडवता येतो का? नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात हे तपासलं गेलं. सुमारे ३५ हजार लोकवस्तीवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना फ्लुरोसिनची पट्टी आणि निळ्या उजेडाची बॅटरी वापरायला शिकवली. फ्लुरोसिन लागलेला ओरखडा त्या उजेडात हिरवा चमकतो. तो दिसला, की १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. उपचार एवढाच.

२००१मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. मलम लावलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांना संसर्ग झाला नाही. अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांत एकाचाही डोळा चिघळला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांचा चिघळला आणि त्याहून उशिरा, दोन दिवसांच्या आत आलेल्या ४९ पैकी चौदा जणांचा. मलम दिलंच नाही असा गट तुलनेला नव्हता, हे या पाहणीचं उणेपण. तरीही उशिराची किंमत इतकी उघडी पडलेली क्वचितच दिसते.

औषधाची निवडही मजेशीर आहे. व्हेनेझुएलातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९४७मध्ये मिळालेलं क्लोरॅम्फेनिकॉल पोटात घेतलं, तर क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच थांबतं. थेंबांनीही असं होईल का, यावर डॉक्टरांत अनेक वर्षं वाद झाला. अमेरिकेतले डॉक्टर ते टाळतात; ब्रिटनमध्ये २००५पासून हे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात. आपल्याकडे टोक कापून डोळ्यात पिळायच्या इवल्याशा मऊ कॅप्सूलमधून ते घरोघर पोचलं.

एकदा जखम चिघळली, की मात्र अंदाजपंचे औषध चालत नाही. मदुराईत अशा ४३४ रुग्णांच्या जखमा खरवडून तपासल्या, तेव्हा जिवाणू आणि बुरशी जवळजवळ निम्म्या-निम्म्या निघाल्या. हा अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूंसाठी मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे थेंब असतात, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. बुरशीला ते हातही लावत नाहीत. तिला नॅटामायसिन लागतं. बाहेरून दोन्ही जखमा सारख्याच दिसू शकतात, म्हणून खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आलं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपणाऱ्यांना वेगळाच शत्रू गाठतो, स्यूडोमोनास. तो एक-दोन दिवसांतही पटल विरघळवू शकतो.

सर्वांत फसवी बाटली म्हणजे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली. एका दिवसात लाली उतरते, त्यामुळे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांतही फिरते. आत बुरशी किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू असेल, तर स्टेरॉइड त्याला मोकळं रान देतं. शिवाय असे थेंब महिनोन्‌महिने घातले, तर काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतात. हा सौदा फारच महाग.

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे आले, तेव्हाही औषधांच्या दुकानांत थेंबांसाठी गर्दी झाली. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत आपसूक निवळतात. याउलट, जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात बाळाच्या डोळ्यांतून भरभरून पू येत असेल, तर नुसते थेंब पुरत नाहीत. त्यामागे गोनोरियाचा जिवाणू असू शकतो. तेव्हा इंजेक्शन द्यावं लागतं, तेही ताबडतोब.

थेंब घालण्याची रीतही साधीच. डोळ्यात जेमतेम एक थेंब मावतो, दुसरा गालावर ओघळतो. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नये. फोडलेली बाटली बहुधा महिन्याभरात टाकायची असते, लेबलवर तसं छापलेलंही असतं. घरातली बाटली कधी फोडली ते आठवत नसेल, तर ती आजच टाकून द्या. आणि उसाची पात डोळ्याला लागलीच, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.