ब्रेक किंचाळू लागले की...

जबलपूरच्या मराठी घरांना नागपूरची वाट पाठ असते. लग्न असो, मुंज असो की आजारी मावशीची विचारपूस, भल्या पहाटे गाडी निघते. निघण्याआधी डबा, पाण्याच्या बाटल्या, आहेराची पाकिटे, सारे तीनतीनदा तपासले जाते. चाकांत हवा, टाकीत पेट्रोल. ब्रेककडे मात्र कुणी पाहत नाही. लागताहेत ना, मग झाले! सिवनी मागे पडते, कुरईचा उतार सुरू होतो आणि पाच माणसे अन् डिकीभर सामान घेऊन गाडी खाली धावू लागते. ब्रेकबद्दल शंका यायला याहून वाईट जागा नाही.

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीत लष्कराचे ट्रक बांधणारे हे शहर. इथे जाणत्या मिस्त्रींची वाण नसावी. पण मिस्त्रीला गाडी वर्षातून एकदोनदा भेटते, घरच्यांना रोज. पहिली कुणकुण घरच्यांनाच लागायला हवी.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची थाळी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतका उरला, की पॅड बदलावेत. अनेक पॅडना एक लहानशी पत्री असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. हा आवाज धुळीचा समजून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. पुढे खरखर सुरू झाली, तर लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजावे. तेव्हा पॅडचे पैसे वाचवता वाचवता डिस्कचाही खर्च अंगावर येतो. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा आवाज मात्र वेगळा. डिस्कवर हलका गंज चढतो आणि चारदोन वेळा ब्रेक मारताच निघून जातो. त्याला घाबरू नये.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली जाणे हीही एक खूण. पॅड झिजले की ऑइल कॅलिपरमध्ये जास्त उतरते. नुसते वरून भरून टाकले, तर खूणच पुसली जाते. गळती नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

डिस्क कधी बदलायची? तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. बहुधा तो नव्या जाडीपेक्षा सुमारे २ मिलिमीटर कमी. जाडी त्या आकड्याला टेकली, तर लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, नवीच बसवावी. ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क असमान झिजल्याची शंका घ्यावी. हाताला खोल चर किंवा तडा लागला, तर जाडी मोजायचीही गरज नाही.

‘बाहेरचा पॅड चांगला आहे,’ एवढ्यावर समाधान मानू नये. कॅलिपरची पिन अडकली तर आतला आधीच संपतो. म्हणून चाक काढून दोन्ही पाहायला सांगावे. आणि एका बाजूचेच पॅड कधीही बदलू नयेत. डाव्या-उजव्या चाकांचे एकत्रच बदलावेत, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. काढलेले जुने पॅड मागून घ्यायला संकोच कसला? पैसे आपण मोजतो.

आणखी एक, हे सारे प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी उरकू नये. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला साधारण ३०० किलोमीटर लागतात. तोवर जोराचे ब्रेक टाळायचे असतात. दोनतीन आठवडे आधी पॅड बदलावेत, मग शहरातली कामे, ग्वारीघाट आणि रविवारची एखादी भेडाघाटची फेरी. कुरईचा उतार त्यानंतर.